दिवेलागणीच्या आत गाडी उभी

प्रश्न: ताई, नमस्कार. मी भुसावळची, वय 56, बँकेत नोकरी. आमचे हे रेल्वेत लोको पायलट होते, मागच्या वर्षी निवृत्त झाले. मुलगा मेलबर्नला असतो. त्याने आम्हा दोघांसाठी आणि कॉलेजात शिकणाऱ्या धाकट्या मुलीसाठी टास्मानिया या ऑस्ट्रेलियातल्या बेटाचा बेत आखलाय. मे महिना, नऊ रात्री, भाड्याची गाडी आणि आख्ख्या बेटाला फेरी: होबार्ट, पोर्ट आर्थर, फ्रेसिने, सेंट हेलन्स, लॉन्सेस्टन, क्रेडल माउंटन, स्टॅन्ली, स्ट्राहन, परत होबार्ट. त्याला रजा नाही, तो मेलबर्नलाच राहणार. हे म्हणतात, "आयुष्यभर इंजिन चालवलं, गाडीचं काय घेऊन बसलीस!" लायसन्स माझ्याकडेही आहे, पन्नाशीत शिकले, पण गावाबाहेर निघालो की हे मला स्टिअरिंगला हात लावू देत नाहीत. नऊ दिवसांत एवढं होईल का? मी चालवावी का? आम्ही पक्के शाकाहारी, खायचं काय? की सरळ टूरच्या बसमध्ये बसावं?
— एक वाचक, भुसावळ

ताई,

बसमध्ये बसू नका, गाडीनंच जा. पण मुलाचा आराखडा बदला, आणि जमलं तर महिनाही बदला.

मुलाला नावं ठेवत नाही. त्यानं फोनच्या नकाशावर हिशेब केला असणार: सगळे मिळून दीड हजाराच्या आसपास किलोमीटर, भागिले नऊ. रोजचे पावणेदोनशेसुद्धा नाहीत. भुसावळहून धुळ्याला जाऊन काम उरकून रात्री जेवायला घरी येणाऱ्या माणसांना हे काय जड! त्यात रस्ते रिकामे, टोलनाका एकही नाही, केळीचे ट्रक नाहीत, उसाच्या ट्रॉलीमागं तासभर रांगणं नाही. टास्मानिया आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांच्या अडीचपटीहून मोठं, आणि माणसं पावणेसहा लाखांच्या आत-बाहेर. एकट्या जळगाव जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेला 42 लाख होती. तेव्हा किलोमीटरचा हिशेब बरोबरच आहे. त्यात फक्त सूर्य धरायचा राहिला.

मेच्या मध्यावर होबार्टला सूर्य उगवतो सव्वासातच्या सुमारास आणि मावळतो संध्याकाळी पाचला. आपल्याकडे मेमध्ये पाच वाजता अंगणात पाय टेकवत नाही, त्यामुळे हे वाचून कळतं पण मनात शिरत नाही. तिकडे हिवाळा तोंडावर आलेला असतो. उठणं, आंघोळी, नाश्ता, बॅगा भरून खोली सोडणं यात दहा वाजतात (तिघांत एक कॉलेजची मुलगी आहे, म्हणजे साडेदहा धरा). उरले सात तास. त्यात गाडी चालवायची, त्यातच जेवायचं, आणि ज्यासाठी एवढा खर्च केला ते बघायचंही त्यातच.

दाजी म्हणतील, अंधार पडला तर पडला. तुम्ही मला ताई म्हणालात म्हणून ते माझे दाजी. रात्र-रात्र इंजिन हाकलेल्या माणसाला काळोखाचं काय भय? भय काळोखाचं नाहीच. दिवेलागण झाली की त्या बेटावरचा रस्ता माणसांचा राहत नाही. वॉलबी म्हणजे लहान कांगारू, तिच्याहून बुटकं पॅडेमेलन, पॉसम, वॉम्बॅट, टास्मानियन डेव्हिल ही सगळी मंडळी दिवसभर झाडोऱ्यात दडून बसतात आणि उजेड मावळला की चरायला, शिकार करायला बाहेर पडतात. डांबरावरून ओघळलेल्या पाण्यानं रस्त्याच्या कडेचं गवत कोवळं असतं, म्हणून चरणारी तिथंच येतात. सकाळी त्याच रस्त्यानं जा, दर थोड्या अंतरावर एक मेलेलं जनावर दिसेल. पहिल्या दिवशी मन कळवळतं, तिसऱ्या दिवशी नजर मेल्यासारखी होते, आणि ते जास्त वाईट वाटतं.

आम्ही मेमध्येच गेलो होतो, मुलांच्या सुट्टीमुळे. स्ट्राहनला (तिकडे उच्चार 'स्ट्रॉन' असा करतात, मुलाला सांगा) निवांत जेवलो, दोनला निघालो. होबार्ट तीनशे किलोमीटर, म्हटलं साडेसहा-सातला पोचू. वाटेत दोन ठिकाणी फोटो, एक धबधबा. लेक सेंट क्लेअरच्या आसपास आलो तेव्हा पाच वाजून गेले होते, दिवे लावले होते, आणि आमचे हे साठच्या वेगानं, अगदी जपून चालवत होते. डावीकडच्या गवतातून काळपट गोळा उडाला आणि 'धप्' झालं. एवढंच. काच फुटली नाही, कुणी ओरडलं नाही. गाडी कडेला घेतली. मी मोबाईलचा उजेड धरून मागं गेले तर एक पॅडेमेलन, आपल्या घरच्या मांजराच्या दुप्पट असेल, कडेला पडलेलं. डोळे उघडे, श्वास नाही.

मागून एक पिकअप आली आणि थांबली. सत्तरीचा म्हातारा उतरला, काही न बोलता हातमोजे घातले आणि जनावराचं पोट चाचपलं. मला आधी किळस आली. मग त्यानं सांगितलं की मादी असली तर पिशवीत पिल्लू जिवंत असू शकतं, म्हणून बघायचंच. आमचा नर निघाला. त्यानं तो शेपटीला धरून ओढत रस्त्यापासून लांब गवतात नेऊन टाकला. मेलेलं खायला डेव्हिल येतात, गरुड येतात, आणि डांबरावरच खात बसले तर पुढच्या गाडीखाली तेही जातात. डेव्हिलांवर आधीच आभाळ कोसळलंय. तोंडावर गाठी येणारा त्यांचा कर्करोग 1996 मध्ये पहिल्यांदा नजरेस आला, आणि चावाचावीतून तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. म्हाताऱ्यानं हातमोजे काढले, आमच्या बंपरवर एक नजर टाकली, आणि "हळू जा" एवढं म्हणून गेला. पुढचे अडीच तास आम्ही चाळीसच्या वर गेलो नाही. गाडी परत करताना कंपनीनं बंपरचे पैसे ठेवीतून कापले. करारात ते लिहिलेलं होतं. वाचलं नव्हतं ते आम्ही.

माझी आजी धुळ्याच्या घराच्या ओट्यावरून हाक मारायची, "सांज व्हई गयी, घर चाला." टास्मानियात गाडी चालवण्याचा नियम मला विचाराल तर तेवढाच आहे. सूर्य मावळायच्या तासभर आधी गाडी मुक्कामाच्या दारात उभी. बाकीचा सगळा बेत या एका नियमाच्या मागून आखायचा.

तरीही एखादं जनावर आडवं आलंच तर? इथं दाजींचा अनुभव खरोखर उपयोगी आहे, त्यांना हे मुद्दाम सांगा. आपण रस्त्यावरचे लोक घाबरलो की स्टिअरिंग फिरवतो, आणि तिकडे बऱ्याच गाड्या त्यातच उलटतात नाहीतर झाडावर जातात. इंजिनाला कुठं स्टिअरिंग असतं! ब्रेक लावायचा आणि सरळ राहायचं, हे दाजींच्या हाडांत मुरलेलं आहे. तेच करायचं.

आता महिना. मुलीच्या सुट्टीसाठी मे धरलाय ना? मग दिवाळीची सुट्टी घ्या. भाऊबीज झाली की निघा. नोव्हेंबरात तिकडे वसंत असतो, सूर्य सहाच्या आत उगवतो आणि आठच्या सुमारास मावळतो. मेच्या दहा तासांऐवजी चौदा तास मिळाले, तेही एक पैसा न देता. मेचा एकच मोह असतो, 'फेगस'च्या पानांचा. थंडीत पानं गाळणारं हे त्यांचं देशी झाड एप्रिलच्या शेवटी नि मेच्या सुरुवातीला डोंगरउतारावर पिवळं-तांबडं होतं. आम्हाला ते दिसलं, खोटं का बोलू, फार सुंदर. पण त्यासाठी पाच वाजताचा अंधार पत्करा असं मी सांगणार नाही.

नऊ रात्रींत आख्खं बेट नको. पूर्व किनारा सोडा. फ्रेसिनेच्या वाईनग्लास बेची चित्रं तुमच्या मुलीनं पाहिलेली असणार, ती तोंड वाकडं करेल. करू द्या. कारण सांगते. या बेटावर पश्चिमेचे वारे थेट समुद्रावरून येतात आणि डोंगरांना धडकतात. पाऊस सगळा पश्चिमेला, पूर्व किनारा पर्जन्यछायेत. म्हणजे पश्चिम त्यांचं कोकण आणि पूर्व त्यांचं खान्देश. क्रेडल माउंटनला वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपण सातशेवर समाधान मानणारे. समुद्र आणि ऊन आपण गोव्यालाही बघू. ते शेवाळलेलं, ठिबकणारं, हजारो वर्षांचं जंगल कुठं बघणार?

तेव्हा मेलबर्नला मुलाकडे दोन दिवस झोप भरून काढा आणि विमानानं होबार्टऐवजी लॉन्सेस्टनला उतरा. गाडी तिथं घ्यायची आणि होबार्टला सोडायची. एक रात्र लॉन्सेस्टन. गावातच कॅटरॅक्ट गॉर्ज ही दरी आहे, विमानातून उतरलेले पाय मोकळे करायला छान. तिथून क्रेडल माउंटन दीडशे किलोमीटरच्या आत, वाटेत शेफिल्ड नावाचं गाव लागतं. धंदा मंदावला म्हणून त्या गावानं 1986 पासून भिंतींवर चित्रं रंगवायला घेतली, आता गाव त्यावरच चालतं. तासभर पुरे.

क्रेडलला तीन रात्री. दोन म्हणणार होते, पण एक दिवस पाऊस खाणार हे गृहीत धरा. डव्ह लेकभोवती सहा किलोमीटरची पायवाट आहे, दोन-तीन तास लागतात, बहुतेक सपाट. गाडी थेट तळ्यापर्यंत नेता येत नाही. पर्यटक केंद्रापाशी लावायची आणि त्यांच्या शटल बसनं जायचं. राष्ट्रीय उद्यानांचा पास लागतो. गाडीचा 'हॉलिडे पास' घ्या, तो दोन महिने सगळ्या उद्यानांना चालतो. संध्याकाळी शटलनंच रॉनी क्रीकला उतरा आणि लाकडी पायवाटेवर उभ्या राहा. वॉम्बॅट चरत-चरत चार हातांवर येतात, मान वर करून बघतसुद्धा नाहीत. त्यांच्या लेंड्या चौकोनी असतात, सारीपाटाच्या फाशासारख्या. आमच्या धाकट्यानं मोजून सतरा दाखवल्या. गार वारं, पाऊस, ऊन, आणि नोव्हेंबरातही मधूनच हिमाचा शिडकावा, हे सगळं एका दुपारी होऊ शकतं. स्वेटरांपेक्षा पावसाचं चांगलं जाकीट घ्या, छत्री तिथं टिकत नाही.

पुढं स्ट्राहन, तिथून साधारण 140 किलोमीटर, दोन रात्री. गॉर्डन नदीतून बोटीची सहल. काठावर ह्यूऑन पाइन नावाचं झाड, वर्षाला खोड जेमतेम एखादा मिलिमीटर जाड होतं आणि झाड दोन-दोन हजार वर्षं जगतं. लाकडात असं तेल की पाण्यात पडून कुजत नाही. या नदीवर धरण बांधायचं ठरलं होतं. 1982-83 मध्ये माणसं बोटी घेऊन आडवी गेली, शेकडोंना अटक झाली, आणि 1983 च्या जुलैत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं धरण थांबलं. बोटीवरची मुलगी हे ध्वनिक्षेपकावर पाठ केल्यासारखं सांगत होती. आमच्यासोबत माझी नंदुरबारची नणंद होती, तिचं बालपण धडगावकडं, नर्मदेच्या धरणात गावं गेली त्या भागात, गेलेलं. ती काहीच बोलली नाही, नुसती पाण्याकडं बघत राहिली.

मुलाच्या बेतात स्टॅन्लीहून स्ट्राहनला यायचं आहे. स्टॅन्ली आता गळलंच, पण उद्या कुणी पुन्हा घातलं तर जपा. फोन तिथून कोरिन्नामार्गे जवळचा रस्ता दाखवतो. तो मैलोन्‌मैल खडीचा आहे, वाटेत नदी तराफ्यावरून ओलांडावी लागते, फोनला रेंज नसते, आणि भाड्याच्या गाडीचा विमा कच्च्या रस्त्यावर बहुधा लागू होत नाही.

आता एक परिच्छेद दाजींना वाचून दाखवू नका. मुलानं क्वीन्सटाऊन बहुतेक पेट्रोल भरण्यापुरतं धरलं असेल. गाव तांब्याच्या खाणीचं. भट्ट्यांसाठी झाडं तोडली, गंधकाच्या धुरानं उरलेली जाळली, पावसानं माती वाहून नेली, आणि डोंगर उघडेबोडके, गुलाबी-करडे झाले. आता हळूहळू हिरवळ धरतेय. पण तुम्ही थांबायचं ते स्टेशनसाठी. खाणीतलं तांबं बंदरापर्यंत न्यायला 1890 च्या दशकात तिथं रेल्वे बांधली, आणि चढ इतका की साध्या रुळांवर इंजिन घसरलं असतं. म्हणून मधोमध दातेरी पट्टी, इंजिनाखालचं दातेरी चाक तीत अडकवून गाडी चढते. आपल्या नीलगिरी रेल्वेची तीच ॲब्ट पद्धत. दाजींनी कसारा घाट बघितलेला असणार, 37 ला 1 चढ, मागून ढकलणारी बँकर इंजिनं. इथं 16 ला 1. लाइन 1963 मध्ये बंद पडली, पुढं पर्यटकांसाठी पुन्हा उभारली, आणि वाफेची जुनी इंजिनं अजून चालतात. सुटायच्या आधी ड्रायव्हर इंजिनापाशी उभा राहून लोकांशी बोलतो. तिकीट महिनाभर आधी काढून ठेवा आणि त्या सकाळी नुसतं म्हणा, "जरा इकडून वळवा." भुसावळ शेडमध्ये आयुष्य घातलेला माणूस, त्याला टास्मानियात नेऊन रेल्वे दाखवायची नाही म्हणजे पंढरपूरला जाऊन कळस बघून परत येण्यासारखं.

निघताना टाकी क्वीन्सटाऊनलाच भरा, पुढं बराच वेळ जंगलाशिवाय काही नाही. आणि सकाळी नऊला निघा. माझ्यासारखं दोनला नको.

उरलेल्या तीन रात्री होबार्ट. त्यात शनिवार येईल असं बघा, सलामांका बाजार शनिवारीच भरतो. एक दिवस पोर्ट आर्थर, 1830 ते 1877 ची कैद्यांची वसाहत, दीड तासाच्या अंतरावर. जाताना रिचमंडला वाकडी वाट करून कैद्यांनी बांधलेला दगडी पूल बघा. 1825 मध्ये पुरा झाला, अजून त्यावरून गाड्या जातात. होबार्टविषयी एवढं पुरे, शहर शेवटी शहर असतं.

तुमचा खरा प्रश्न मात्र दुसरा होता, आणि तो तुम्ही मधोमध दडवून लिहिलात. तुम्ही गाडी चालवावी का? चालवावी. निम्मी. हा लाड नाही, गरज आहे. क्वीन्सटाऊनच्या बाहेर एका दमात शंभरेक वळणं आहेत, आणि साठीच्या माणसानं तीनशे किलोमीटर एकट्यानं चालवायचं नसतं. दाजींना ड्यूटीचे तास संपले की रिलीफ मिळायचा ना? तुम्ही रिलीफ. तिकडे गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, स्टिअरिंग उजवीकडं, आणि भाड्याच्या बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक, म्हणजे क्लचची कटकट नाही. जळगावच्या गर्दीत रिक्षा, मोटरसायकल आणि गाय एकाच वेळी सांभाळणाऱ्या बाईला लेक सेंट क्लेअरचा रस्ता सोपा जाईल. हॉर्न मात्र विसरा. मी दहा दिवसांत एकदाच वाजवला, तोही चुकून वायपर लावताना.

आपल्याला अडचण येते ती शिस्तीची. 'स्टॉप' लिहिलं असेल तिथं चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, रस्ता मैलभर रिकामा असला तरी. चौकातल्या गोलात आधीपासून फिरणाऱ्याला वाट द्यायची. वस्तीत 50, गावाबाहेर डांबरी रस्त्याला फलक नसेल तर 100, खडीच्या रस्त्याला 80. हे आकडे वरची मर्यादा आहेत, तेवढं पळवलंच पाहिजे असं नाही. मागं गाडी जमली तर रुंद जागा बघून कडेला घ्या, ती गेली की पुन्हा निघा. त्यात कमीपणा नाही. हातात फोन किंवा सुटलेला पट्टा कॅमेरे टिपतात.

त्यासाठी एक युक्ती. इंजिनात पायलट आणि सहायक दोघंही सिग्नल मोठ्यांदा म्हणतात ना, एकमेकांना ऐकू जाईल असा? तेच करा. चालवणाऱ्यानं चालवायचं, शेजारच्यानं फलक म्हणायचे: "साठ." "पुढं डावं वळण, पस्तीस." "स्टॉप." तुमच्या चालवण्यावर दाजींची तोंडाची टकळी चालूच राहणार असेल, तर तिला काम तरी मिळेल.

कागदपत्रं: लायसन्स इंग्रजीत असलं की पर्यटकाला तिकडे चालतं, तरी जळगावच्या आरटीओतून दोघांचं आंतरराष्ट्रीय परमिट काढा. फॉर्म 4ए, मुदत वर्षाची, गाडीच्या खिडकीवर वाद नको. व्हिसा तिघांचाही व्हिजिटर, 600 क्रमांकाचा. गाडी घेताना करारावर दुसरी चालक म्हणून तुमचं नाव लिहून घ्या. हे दाजींच्या उत्साहावर सोडू नका, कारण नाव नसताना तुम्ही चालवली आणि काही झालं तर विमा हात वर करतो. क्रेडिट कार्ड ज्याच्या नावावर गाडी त्याचंच लागतं, आणि ठेवीपोटी त्यावर बरीच रक्कम अडकते, तेव्हा मर्यादा आधी वाढवून घ्या. बँकेत तुम्हीच आहात, तुम्हाला काय सांगू. अपघात झाला तर तुम्ही किती भरायचं, काच, टायर आणि खालची बाजू विम्यात आहे का, जनावर धडकलं तर काय, या तीन ओळी काउंटरवर उभं राहून वाचा. मोबाईलला सिम टेल्स्ट्राचं घ्या, जंगलात लागलं तर तेच लागतं. आणीबाणीला क्रमांक 000.

जेवण. लॉन्सेस्टन आणि होबार्टला भारतीय किराणा आहे, उपाहारगृहंही आहेत. मधल्या गावांत स्वयंपाकघर रात्री आठला बंद होतं आणि शाकाहारी म्हणून बटाट्याच्या फोडी पुढं येतात. म्हणून सगळीकडे स्वयंपाकघर असलेली केबिन घ्या. लॉन्सेस्टनला तूरडाळ, तांदूळ, पीठ, तेल, भाज्या भरा की पाच दिवस चिंता नाही. रनिंग रूमला, म्हणजे ड्यूटीवरच्या मुक्कामाला, शिधा घेऊन जाणाऱ्या माणसाला यात नवीन काही नाही. ओव्हन असेल तर बट्ट्या अप्रतिम होतात, आमच्या वरण-बट्टीच्या वासानं शेजारच्या केबिनमधलं जर्मन जोडपं दार वाजवून आलं. भरताच्या भानगडीत पडू नका. तिकडचं वांगं दिसायला चकचकीत, चवीला ओला कापूस. आणि फोडणी देताना खिडकी उघडा, पंखा लावा. आमच्या लाल मिरची-लसणाच्या फोडणीनं छतावरचा धुराचा भोंगा असा काही बोंबलला की व्यवस्थापक चपलेविना धावत आला. अग्निशमन दल आलं असतं तर त्याचाही आकार भरावा लागला असता.

घरून काय न्यायचं, यात मात्र प्रेम आड येऊ देऊ नका. भरताची वांगी, हिरव्या मिरच्या, केळी, कसलंही बी, घरचे पेढे-बर्फी, काही नाही. कंपनीच्या बंद पाकिटातला दळलेला मसाला सहसा अडत नाही, पण विमानातल्या कार्डावर खाण्याच्या प्रत्येक वस्तूपुढं 'हो' लिहायचं. दाखवलं तर फार तर फेकून देतात, लपवलं तर जबर दंड. आणि बऱ्याच जणांना माहीत नसतं ते हे: मेलबर्नहून टास्मानियाला जाताना पुन्हा तपासणी होते, बेटावर बाहेरची फळं-भाज्या चालत नाहीत. मुलगा मायेनं कांदे-टोमॅटो-सफरचंदांची पिशवी हातात देईल. ती त्याच्याकडेच राहू द्या. विमानतळावर कुत्रा बॅगेपाशी येऊन बसला की सगळे बघायला लागतात.

निघायच्या आधी एक रंगीत तालीम करा. पाऊस सरला की एका शनिवारी तोरणमाळला निघा, चोपडा-शिरपूर-शहादा मार्गे. शहाद्याला मुक्काम, रविवारी घाट. घाट तुम्ही चालवायचा, दाजी डावीकडं, फलक म्हणायला. मुलीला मागं बसवून किती वेळा "अगं सावकाश" म्हणाले ते मोजायला सांगा, आणि आकडा मला कळवा. वर यशवंत तलावापाशी चहा घ्या, पण साडेतीनला उठा. उन्हं उतरायच्या आत शहाद्यात.